सर्पगंधा, ससे आणि डोपामिन: आर्विद कार्लसन यांच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्विद कार्लसन हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. पण कंपवात झालेल्या आजीच्या डबीतली गोळी, स्किझोफ्रेनियावरची औषधं आणि नैराश्यासाठी डॉक्टर लिहून देतात त्या गोळ्या, या तिन्हींचा माग काढत गेलं की वाट या स्वीडिश संशोधकाच्या प्रयोगशाळेतून जातेच. मी बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवलं. वर्गात, व्याख्यानानंतर, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे घेतले आहेत.

कार्लसन कोण होते?

जन्म 25 जानेवारी 1923, स्वीडनमधलं उप्साला. वडील इतिहासाचे प्राध्यापक. त्यांच्या नोकरीमुळे बालपण लुंडला गेलं. तिथेच 1941 मध्ये वैद्यकीय शिक्षणाला सुरुवात झाली. 1959 पासून ते गोथेनबर्ग विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. 2000 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांच्याबरोबर विभागून मिळालं. 29 जून 2018 रोजी, वयाच्या 95 व्या वर्षी ते गेले.

गंमत म्हणजे मेंदू हा त्यांचा मूळ विषय नव्हताच. डॉक्टरेट शरीरातल्या कॅल्शियमवर. पण पुढच्या पदासाठी अर्ज केला तेव्हा निवड समितीला कॅल्शियम हा औषधशास्त्राच्या दृष्टीने आडवळणाचा विषय वाटला आणि पद दुसऱ्याला गेलं. मग 1955 मध्ये ते काही महिन्यांसाठी अमेरिकेत बेथेस्डाला बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांच्या हाती जे औषध पडलं, ते भारतातल्या एका मुळीतून निघालेलं होतं.

ती मुळी कोणती? यात भारताचा संबंध खरंच आहे, की आपण ओढूनताणून जोडतो?

खरंच आहे, आणि तो फुगवून सांगण्याचीही गरज नाही. मुळी सर्पगंधेची. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की या मुळीने भ्रमिष्ट रुग्ण शांत होतात आणि रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइड वेगळे केले. (अल्कलॉइड म्हणजे वनस्पतींतली औषधी रसायनं) त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' म्हणतात.

मुंबईचा धागा इथे जुळतो. के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वर्षानुवर्षं वापरली आणि 1949 मध्ये आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. त्या लेखाने पाश्चात्त्य डॉक्टर खडबडून जागे झाले. 1952 मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं, तेच रेसर्पीन. 1954 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. 1957 चा लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळालेल्यांत वकील आणि क्लाइन ही दोन्ही नावं आहेत: एकाने ती मुळी हृदयाच्या बाजूने पाहिली, दुसऱ्याने मनाच्या. साठीपलीकडच्या वाचकांना घरातल्या मोठ्यांची 'अ‍ॅडेल्फेन' ही रक्तदाबाची गोळी आठवत असेल. तिच्यात रेसर्पीन असायचं.

मात्र 'हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं' असं कुणी म्हटलं की मी थांबवतो. मुळीने माणूस शांत होतो हे आपल्याला माहीत होतं. का होतो, हे माहीत नव्हतं. कार्लसन यांचं काम या 'का'पासून सुरू होतं.

सशांचा प्रयोग नेमका काय होता?

ब्रोडी यांच्याकडे नुकतंच दिसलं होतं की रेसर्पीन दिल्यावर मेंदूतलं सिरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन जवळजवळ नाहीसं होतं. कार्लसन यांनी तिथेच विचारलं, सिरोटोनिनच्या नात्यातली बाकीची रसायनंही मोजून बघू या का? ब्रोडी यांना त्यात वेळ घालवावासा वाटला नाही. मग स्वीडनला परतल्यावर कार्लसन यांनी लुंडमध्ये निल्स-ओके हिलार्प या सहकाऱ्याबरोबर ते करून पाहिलं. रेसर्पीनने अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचे साठेही रिकामे होत होते.

कसे, ते थोडं समजून घ्यावं लागेल. चेतापेशी आपली निरोपाची रसायनं सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवते. निरोप द्यायचा झाला की पिशवी फुटते, रसायन पलीकडच्या पेशीपर्यंत पोचतं. रेसर्पीन या पिशव्या भरू देत नाही. मग बाहेर राहिलेलं रसायन पेशीतली विकरं मोडून टाकतात आणि दुकानात माल उरत नाही.

रेसर्पीन दिलेले ससे जमिनीला चिकटल्यासारखे बसून राहत. कान लोंबलेले, डोळे अर्धे मिटलेले, ढकललं तरी हलायचे नाहीत. आता कमी झालेलं परत घालायचं तर काय घालायचं? नॉरअ‍ॅड्रिनॅलिन थेट टोचून उपयोग नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा असतो त्यातून ते पलीकडे जात नाही. पण ते ज्या कच्च्या मालापासून बनतं तो डोपा हा पदार्थ जातो. कार्लसन, मार्गित लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नसन यांनी डोपा टोचला. काही मिनिटांत ससे उठले, कान ताठ झाले, इकडेतिकडे फिरायला लागले. दुसऱ्या सशांना सिरोटोनिनचा कच्चा माल दिला, त्याने मात्र तशी जाग आली नाही. नोव्हेंबर 1957 मध्ये हा निष्कर्ष 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आला.

खरी मेख पुढे आहे. उठलेल्या सशांचा मेंदू तपासला तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन अजूनही नव्हतंच! मग त्यांना उठवलं कुणी? डोपापासून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बनताना वाटेत एक मधलं रसायन तयार होतं, डोपामिन. तोवर सगळे त्याला वाटेवरचा थांबा समजत होते, मुक्कामाचं गाव नव्हे. कार्लसन यांच्या गटाने डोपामिन मोजण्याची नवी पद्धत बसवली आणि 1958 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं: डोपामिन मेंदूत नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या तोडीस तोड प्रमाणात असतं, रेसर्पीनने ते जातं, आणि डोपा दिल्यावर ते परत येतं. ससा हलायला लागतो तो नेमका त्याच वेळी.

मी वर्गात हा प्रयोग सांगायचो तेव्हा मुलांना म्हणायचो, हिशेब जुळला नाही तिथे थांबायला शिका. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन परत आलं नाही हा आकडा बाजूला सारून पेपर छापता आला असता.

म्हणजे डोपामिनचा शोध कार्लसन यांनी लावला?

नाही. डोपामिन प्रयोगशाळेत 1910 मध्येच लंडनला बनवलं गेलं होतं. मेंदूत ते असतं हे कॅथलीन माँटेग्यू यांनीही 1957 मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध केलं होतं. कार्लसन यांचं श्रेय वेगळं आहे आणि मोठं आहे: डोपामिनला स्वतःचं काम आहे, ते हालचालीशी बांधलेलं आहे आणि औषधाने ते काढून घेता येतं, परत देता येतं, हे त्यांनी दाखवलं.

मग लगेच सगळ्यांनी मान्य केलं असेल?

उलट. मार्च 1960 मध्ये लंडनला या विषयावर परिषद झाली. तिथे सर हेन्री डेलही होते. नसा आपला निरोप रसायनांनी पोचवतात हे दाखवल्याबद्दल 1936 चं नोबेल ज्यांना मिळालं होतं, तेच हे डेल. तरीही हात-पाय-हृदयाच्या नसांपुरतं ठीक, मेंदूत मात्र पेशी विजेच्या भाषेतच बोलतात, असं त्या पिढीतल्या बहुतेकांना वाटत असे. डोपा हा विषारी पदार्थ आहे, असाही सूर तिथे निघाला. कार्लसन यांच्या सांगण्यावर फारसं कुणी विश्वास ठेवला नाही.

वाद मिटवला तो एका चित्राने. हिलार्प आणि बेंग्ट फाल्क यांनी 1962 च्या सुमारास एक पद्धत बसवली. मेंदूचा गोठवून वाळवलेला पातळ काप फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत धरायचा आणि खास दिव्याखाली सूक्ष्मदर्शकातून पाहायचा. डोपामिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हिरवे चमकतात, सिरोटोनिन पिवळं. ही रसायनं चेतापेशींत आणि त्यांच्या टोकांशीच भरलेली आहेत, हे डोळ्यांना दिसलं. 1964 मध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्से या तरुणांनी याच पद्धतीने मेंदूचा नकाशा काढला: कुठल्या पेशी कुठलं रसायन बनवतात आणि त्यांच्या तारा कुठवर जातात. हिलार्प 1965 मध्येच वारले. जगते तर नोबेलच्या यादीत त्यांचं नाव असतं असं मला वाटतं.

कंपवाताशी हे सगळं कसं जोडलं गेलं?

रेसर्पीनच्या रुग्णांना एक त्रास व्हायचा: अंग आखडायचं, हालचाल मंदावायची, हात थरथरायचे. कंपवातासारखंच. 1959 मध्ये लुंडच्या बर्टलर आणि रोझेनग्रेन यांनी पाहिलं की मेंदूतलं बहुतेक डोपामिन हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या एका खोल भागात, स्ट्रायटममध्ये, साठलेलं असतं. कार्लसन यांनी दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून सांगितलं, कंपवातात डोपामिनचीच कमतरता असणार.

त्यावर शिक्कामोर्तब व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकीविच यांनी केलं. त्यांनी कंपवाताने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूचे नमुने मिळवले. निरोगी माणसाच्या नमुन्यात रसायन टाकलं की गुलाबी रंग यायचा. कंपवाताच्या नमुन्यात तो जवळजवळ आलाच नाही. मोजमापाचं यंत्र लावण्याआधीच नुसत्या डोळ्यांनी निकाल कळला. 1960 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 1961 मध्ये वॉल्टर बिर्कमायर यांच्याबरोबर त्यांनी रुग्णांना लेव्होडोपाचं, म्हणजे डोपाच्याच एका रूपाचं, इंजेक्शन दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं थोडा वेळ का होईना, उठून चालली. पुढे 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी तोंडाने, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत ते देण्याची रीत बसवली. आजही कंपवातावर याहून प्रभावी औषध नाही.

आईला लेव्होडोपा चालू आहे. जेवणानंतर गोळीचा असर कमी वाटतो, तो भास आहे का?

भास नाही. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. डाळ, दूध, पनीर, अंडी पचली की त्यांतूनही अमिनो आम्लंच निघतात आणि आतड्यातून, पुढे मेंदूच्या पडद्यातून आत जायला सगळ्यांना एकच दार. गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात. कुणाला मळमळ होते, कुणाला वेगळ्या वेळा लागतात. त्या वेळा न्यूरॉलॉजिस्टकडूनच बसवून घ्या. आईचं वरण परस्पर बंद करू नका.

गोळीत जोडीला कार्बिडोपा असतं ते यासाठी, की डोपाचं डोपामिन मेंदूबाहेरच होऊ नये. बाहेर झालं तर उलट्या होतात आणि औषध वाया जातं. वर्षं गेली की काहींना गोळीचा असर मधेच उतरतो, किंवा अंगाला नको असलेल्या हालचाली येतात. लेव्होडोपा उणीव भरून काढतं, पेशी मरायच्या थांबवत नाही. त्यामुळे हे पुढे येतंच. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात गेलात तर गोळ्यांच्या वेळांपासून शर्टाच्या गुंड्यांपर्यंत सगळ्यावर अनुभवाचे बोल ऐकायला मिळतात.

खाजकुहिलीच्या बियांत हेच औषध असतं म्हणे?

असतं. शाळेत दुसऱ्याच्या कॉलरीत टाकायचो तीच खाजकुहिली. बियांना वैद्य कवचबीज म्हणतात. त्यांत लेव्होडोपा आहे हे मद्रासमध्ये 1937 सालीच दाखवलं गेलं होतं, म्हणजे कार्लसन यांच्या सशांच्या वीस वर्षं आधी. 1978 मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि डॉ. नोशीर वाडिया यांच्या गटाने कंपवाताच्या रुग्णांवर या बियांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि रुग्णांना फायदा दिसला. तेव्हा हे थोतांड नाही. पण बियांतलं प्रमाण झाडागणिक बदलतं. गोळी चालू असताना वर चमचाभर चूर्ण घेणं म्हणजे न मोजता दुसरी गोळी घेणं. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, आणि त्यांनी ऐकूनच घेतलं नाही तर ऐकून घेणारे शोधा.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत त्यांनी काय केलं?

इथे घटनांचा क्रम लक्षात घ्या, कारण सगळा गोंधळ क्रमाचाच आहे. औषध आधी आलं. 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं शुद्धीवर आल्यासारखी बोलायला लागली. पाठोपाठ हॅलोपेरिडॉल आलं. दोन्ही चालत होती, का चालतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कार्लसन यांना कोडं असं पडलं: या औषधांचा परिणाम रेसर्पीनसारखाच दिसतो, पण मेंदूतलं डोपामिन मोजावं तर कमी झालेलं नाही. 1963 मध्ये त्यांनी आणि लिंडक्विस्ट यांनी उंदरांवर पाहिलं की डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वापरून झाल्यावर जो गाळ उरतो तो या औषधांनी वाढतो. म्हणजे पेशी नेहमीपेक्षा जास्त माल सोडते आहे. त्यांनी तर्क केला, पलीकडच्या पेशीचं दार, म्हणजे रिसेप्टर, औषधाने अडवलं असणार. निरोप पोचत नाही म्हणून अलीकडची पेशी आणखी जोराने हाका मारते आहे. तेव्हा रिसेप्टर कुणी पाहिलेलेही नव्हते. लेख चार-पाच पानांचाच, पण मनोविकारांवरच्या औषधांचं पुढचं सगळं शास्त्र त्यावर उभं राहिलं. हे प्रामुख्याने डोपामिनचंच दार आहे असं ठामपणे मांडलं ते काही वर्षांनी नेदरलँड्सच्या जॅक व्हॅन रॉसम यांनी. 1975-76 मध्ये टोरोंटोत फिलिप सीमन यांनी आणि बाल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने दाखवलं की जे औषध त्या दाराला जितकं घट्ट चिकटतं, तितकी त्याची कमी मात्रा रुग्णाला पुरते.

पुढे मेंदूच्या स्कॅनवरून मात्रेचं गणितही कळलं. साधारण 65 टक्के दारं अडली की भास-भ्रम कमी व्हायला लागतात आणि 78-80 टक्क्यांच्या वर गेलं की अंग आखडायला लागतं. पूर्वी हॅलोपेरिडॉल किती सढळ हाताने दिलं जायचं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे आकडे वाचून वाईट वाटेल. मला वाटलं.

म्हणजे डोपामिन कमी झालं की कंपवात आणि जास्त झालं की स्किझोफ्रेनिया?

पहिला अर्धा भाग बराचसा खरा. दुसरा फार ढोबळ.

कंपवातात आधी रोग्याच्या मेंदूत उणीव दिसली, मग ती भरली. स्किझोफ्रेनियात आपण उलटे चाललो: औषध डोपामिन अडवतं, त्याने बरं वाटतं, म्हणून आजार डोपामिनचा. घराचं दार करकरतंय, बिजागरीत तेल घातलं, आवाज थांबला. याचा अर्थ दाराला 'तेलाची कमतरता' हा आजार झाला होता असा होत नाही. पावसाने लाकूड फुगलं असेल, चौकट खचली असेल. तेल मात्र उपयोगी पडलं हे खरं, आणि तेल नको असंही नाही.

डोपामिनच्या बाजूने स्वतंत्र पुरावाही आहे. अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य डोपामिन वाढवतं, आणि ते भरमसाट घेणाऱ्यांना स्किझोफ्रेनियासारखेच संशय-भास होतात, हे 1958 मध्येच लंडनमध्ये नोंदलं गेलं. स्कॅनमध्येही आजार भरात असताना स्ट्रायटममध्ये डोपामिनची निर्मिती वाढलेली दिसते. पण याच आजारात माणूस कोमेजतो, बोलणं आटतं, कामात लक्ष लागत नाही. त्या लक्षणांवर डोपामिन अडवणारी औषधं फारशी चालत नाहीत. क्लोझापिन हे औषध तर तुलनेने कमी दारं अडवूनही, इतर औषधांनी हात टेकले तिथे चालतं (त्यासाठी रक्ततपासणी नियमित करावीच लागते, ती टाळू नका). 2024 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे औषध तर डोपामिनच्या दाराला हातच लावत नाही.

कार्लसन स्वतः इथे अडकून बसले नाहीत, हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात आवडतं. आयुष्याच्या उत्तरार्धात ते ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाकडे वळले, आणि डोपामिन सरसकट अडवण्याऐवजी जास्त असेल तिथे खाली आणणारी, कमी असेल तिथे वर नेणारी औषधं शोधत राहिले. त्यांना ते डोपामिन 'स्थिर करणारी' औषधं म्हणत. पंचाहत्तरीत त्यांनी त्यासाठी कंपनीही काढली. त्यातलं एकही औषध अजून रुग्णाच्या हातात नेहमीसाठी आलेलं नाही.

नैराश्य म्हणजे सिरोटोनिन कमी होणं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आपण ज्याला 'केमिकल लोचा' म्हणतो तेच ना?

समजावण्याची सोय म्हणून सांगितलं जातं. शास्त्र म्हणून ते अपुरं आहे.

ही कल्पनाही बऱ्याच अंशी रेसर्पीनमधूनच आली. रक्तदाबासाठी ते घेणारे काही जण खिन्न झाले, रेसर्पीन सिरोटोनिन घालवतं, म्हणून खिन्नता सिरोटोनिनच्या अभावाने! पण 1955 मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांना रेसर्पीन देऊन पाहिलं तर त्यांना बरं वाटलं. हा पेपर सगळे विसरले. सोयीचा नव्हता.

कार्लसन यांचा वाटा असा: नैराश्यावरची जुनी औषधं नॉरअ‍ॅड्रिनॅलिनइतकीच सिरोटोनिनवरही काम करतात हे त्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस दाखवलं, आणि हान्स कोरोडी यांच्याबरोबर फक्त सिरोटोनिनवर काम करणारं झिमेलिडीन हे औषध तयार केलं. 1982 मध्ये ते युरोपात विक्रीला आलं. पण काही रुग्णांना गियाँ-बारे हा नसांचा गंभीर आजार झाला आणि 1983 मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्याच जातकुळीचं फ्लुऑक्सेटीन 1987 च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालं आणि जगभर गेलं.

गोळीने सिरोटोनिन काही तासांत वाढतं, मन वर यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. नुसती टाकी भरायची असती तर एवढा वेळ का लागावा? मधल्या काळात पेशी, त्यांच्या जोडण्या बदलत असणार. 2022 मध्ये मोनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की नैराश्यात सिरोटोनिन कमी असतं याला ठोस पुरावा नाही. त्यावर रण माजलं. त्यातून 'गोळ्या फसव्या' असा अर्थ काढू नका. कारण माहीत नाही म्हणून उपाय खोटा ठरत नाही. डॉ. रुस्तम वकील यांनाही सर्पगंधा का चालते ते ठाऊक नव्हतं, रक्तदाब उतरत होता. चालू गोळी एकदम बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्यानेच कमी करायची. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन मराठीतही चालते.

रक्त तपासून डोपामिन किंवा सिरोटोनिनची पातळी कळते का? एका लॅबने तसं पॅकेज दिलंय.

मनाच्या आजारासाठी उपयोग नाही. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन आतड्यात असतं आणि रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते मेंदूत जाऊ देत नाही. रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतलं सांगता येत नाही. पैसे वाचवा.

'डोपामिन डिटॉक्स' केल्याने मेंदू ताजा होतो का?

मोबाइल दोन दिवस बाजूला ठेवलात तर बरं वाटेल. पण त्याने डोपामिन 'साफ' होत नाही. ते मळ नाही. ते खरंच काढून घेतलं तर काय होतं, ते सशांनी दाखवलं आहे.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, हेही अर्धसत्य. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देताना डोपामिनच्या पेशींचे विजेचे ठोके मोजले. रस अनपेक्षित मिळाला की ठोके वाढायचे. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, तेव्हा ठोके दिव्याला वाढायला लागले, रसाला नाही. दिवा लागून रस मिळाला नाही तर ठोके थंडावायचे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक ही पेशी कळवते. गणपतीत पहिला मोदक आणि सातवा मोदक यांतला फरक तुम्हाला ठाऊकच आहे. आणि हा सगळा कारभार मेंदूतल्या सुमारे 8600 कोटी पेशींपैकी अवघ्या काही लाख पेशी पाहतात.

नोबेलवरून वाद झाला होता का?

झाला. हॉर्निकीविच यांना वगळलं म्हणून अडीचशेहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहिलं. माझ्या मते ते बरोबर होते. ग्रीनगार्ड यांचं काम डोपामिन पलीकडच्या पेशीत पोचल्यावर काय होतं यावर, तर कँडेल यांचं समुद्री गोगलगायीतल्या स्मृतीवर; दोघंही लायक. पण कंपवाताची गोष्ट हॉर्निकीविच यांच्याशिवाय अपुरी राहते. ते 2020 मध्ये वारले.

कार्लसन इतर कशासाठी प्रसिद्ध होते का?

स्वीडनमध्ये पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालण्याला त्यांनी कडाडून विरोध केला. कुणाला किती औषध जातंय हे न मोजता सगळ्या गावाला एकच मात्रा देणं औषधशास्त्रात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. 1971 मध्ये तिथला फ्लोराइडचा कायदा रद्द झाला. दातांच्या डॉक्टरांचं मत अर्थातच वेगळं आहे, आणि त्यांचेही मुद्दे बिनबुडाचे नाहीत.

सर्पगंधा कुंडीत लावून घरच्या घरी रक्तदाबासाठी घेता येईल का?

लावा, रोप देखणं आहे. पांढरी-गुलाबी फुलं येतात. रानातून मात्र उपटून आणू नका. अतोनात खणल्यामुळे ती दुर्मीळ झाली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. औषध म्हणून घरी मुळी उगाळून घेऊ नका. नाक चोंदणं, सुस्ती, मंद नाडी आणि काहींना खिन्नता येते, आणि रक्तदाबाच्या चालू गोळीवर ही मात्रा चढली तर उभं राहताना माणूस कोसळतो. घरात कुणाला कंपवात असेल तर मुळीच नाही. लेव्होडोपाची गोळी जे भरते, तेच ही मुळी रिकामं करते.